बांधावरून बदललेला पोर्ट

दसऱ्यानंतरचा सोमवार, सकाळ. ठिकाण: जांबे, तीन मजली भाड्याची इमारत, जिन्याखालची खोली. हजर: थोरले भाऊ सोपानदादा, धाकटे संतोष, संतोषची बायको पल्लवी, वायरिंगचे रफीकभाई आणि मी. गैरहजर: मधले भाऊ विलासराव. कारण: भातकाढणी.

कामाच्या जागी पोचले की आधी हजेरी लिहायची, ही माझी जुनी सवय. "आम्हाला कुणी विचारलंच नाही" असं पुढे म्हणणारा माणूस हमखास गैरहजरांमधून निघतो, एवढं हिंजवडीतल्या एका कंपनीच्या नेटवर्क विभागात वीस-बावीस वर्षं काढल्यावर मला कळलेलं आहे. आता मी भुकूमला राहते आणि मुळशीतली लहानमोठी कामं स्वतः घेते. सोसायट्या, मंगल कार्यालयं, शाळा, भाड्याच्या इमारती. वायर ओढायचं काम पौडच्या रफीकभाईंचं. त्यांचं बाजारात दुकान आहे आणि छतावर चढताना त्यांना शिडी कुणी धरलेली चालत नाही.

माझं काम लोकांना सांगायला अवघड. "इंटरनेटवाल्या बाई" एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. खरं तर मी इंटरनेट देत नाही. ते देणारी कंपनी वेगळी. मी बघते ती घरात आलेल्या इंटरनेटची पुढची वाट. एक चपटा डबा असतो, त्याला ओळीने भोकं असतात. डब्याला स्विच म्हणायचं, भोकाला पोर्ट. प्रत्येक पोर्टमधून एक वायर निघते आणि कुठेतरी जाते. पोर्टने किती वेगाने बोलायचं, कुणाला आत घ्यायचं, गर्दी झाली तर काय करायचं, हे सगळं ठरवता येतं. लोक महागातली योजना घेतात आणि तरी चित्र अडकतं म्हणून कंपनीला शिव्या घालतात. पुष्कळदा दोष एका पोर्टला दिलेल्या सूचनांमधल्या एका ओळीचा असतो.

भुकूमच्या एका मंगल कार्यालयात ऐन लग्नात सगळं नेट बंद पडलं. परदेशातले मामा पडद्यावर अक्षता टाकायच्या बेतात होते आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. मी पोचले तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसले होते आणि मामा रुसून झोपले होते. कारण काय, तर मांडववाल्याच्या माणसाला एका वायरीचं मोकळं टोक लोंबताना दिसलं. शुभकार्यात ते बरं दिसत नाही म्हणून त्याने ते उचलून त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलं. दोन्ही टोकं एकाच डब्यात. मग एकच निरोप गोल गोल फिरत राहतो, त्याचे हजार होतात, हजाराचे लाख, आणि डबा त्याच गोंधळात बुडतो. त्या दिवसापासून माझ्या हातचा कोणताही स्विच असा गोल फेरा दिसला की तो पोर्ट स्वतःच बंद करतो. मालकांना ते माहीतही नसतं. या धंद्याची थोडी खंत हीच. काम चांगलं झालं की ते दिसत नाही.

जांब्याचं काम मात्र सगळ्यांना दिसलं, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

आदल्या दिवशी पल्लवीचा फोन आला होता. ती एका विमा कंपनीच्या दाव्यांचं काम घरून करते. दुपारी बारापासून ग्राहकांचे कॉल. महिनाभर तिचे कॉल तुटत होते, स्क्रीन गोठत होती, पलीकडचा ग्राहक "हॅलो, हॅलो" करून वैतागत होता. वरिष्ठांनी ताकीद दिली होती. सोमवारी दोन वाजता तिच्या कॉलवर ते स्वतः बसणार होते. लाइन तुटली तर पुढच्या आठवड्यापासून रोज खराडीच्या ऑफिसात. जांब्याहून खराडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं.

"मुलगी पहिलीत आहे, मॅडम. तिला सोडायचं कुणी, आणायचं कुणी? मग राजीनामाच. आणि हा जॉब मला फार प्रयत्नांनी मिळालाय."

"कंपनीचा माणूस येऊन गेला?"

"दोनदा. सकाळी येतो, फोनवर स्पीड बघतो, म्हणतो सगळं ओके. बाराला माझं काम सुरू झालं की बोंब." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मला वाटतं, मोठ्या जाऊबाई बाराला खालचं बटण बंद करतात."

मी जावांच्या भानगडीत पडत नाही. पण "सकाळी ठीक, काम वाढलं की बिघाड" हे वाक्य मी लिहून ठेवलं. वायर तुटलेली असेल तर ती सकाळीही तुटलेलीच असते. ओझं आल्यावरच बिघडणारा दोष वेगळ्या जातीचा.

आता इमारतीबद्दल. तिघा भावांची वाटणी होऊन चार वर्षं झाली होती. पहिला मजला सोपानदादांचा, दुसरा विलासरावांचा, तिसरा संतोषचा. प्रत्येक जण आपल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो आणि उरलेल्या हिंजवडीत काम करणाऱ्या मुलांना भाड्याने देतो. वाटणी इतकी काटेकोर की पार्किंग दोरी लावून मापलेलं, पाण्याच्या टाकीला तीन सारखे नळ. इंटरनेटची लाइन एकच, तीनशेच्या वेगाची, खर्च तिघांत. आणि ठरलेला नियम: सामाईक वस्तूला हात लावायचा तर तिघेही समोर पाहिजेत.

रफीकभाई पहिल्या मजल्यावर जाऊन आले आणि हसू दाबत म्हणाले, "मॅडम, जरा वर चला. वायरीचं वेटोळं बघा. म्हैस बांधता येईल."

खरंच होतं. तिसऱ्या मजल्याला जेवढी वायर लागली, तेवढीच लांब वायर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यालाही दिलेली. उरलेली गुंडाळून भिंतीला टांगलेली.

"येवढी कशाला, दादा?" मी विचारलं.

"समान वाटणी," सोपानदादा म्हणाले. "एकाला लांब, एकाला आखूड, आसं नको म्हनलं. बसवणाऱ्या पोराला सांगितलं, तिन्ही वायरी सारख्या काप. आन डब्यातबी तिघांना सारखंच दे. शंभर म्हंजी शंभर. त्यानं हातानं बांधून दिलं."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी जिना उतरून लॅपटॉप उघडला. पोर्ट एक, दोन, तीन: तिन्हींचा वेग हाताने शंभरवर बांधलेला. एक आणि दोन स्वच्छ. तीन नंबरवर मोडक्यातोडक्या पोचलेल्या निरोपांची मोजणी माझ्या डोळ्यांसमोर वाढत होती.

"संतोष, या वायरीच्या वरच्या टोकाचा, तुमच्या घरातला वायफायचा डबा कधी बदललात?"

"महिना झाला. हिचं काम अडतंय म्हणून भारीतला आणला. तेव्हापासून जास्तच अडकायला लागलं."

"काम अडायला लागल्यावर आणला, की आणल्यावर अडायला लागलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी फक्त हळू चालायचं, पल्लवीने कबूल केलं. तुटायला लागलं ते नवा डबा आल्यावर.

दोष सापडला होता. आता ज्यांनी स्विच कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वायरीची दोन टोकं जोडली की ती आधी आपसात बोलणी करतात. तुला किती वेग जमतो, मला किती. तू बोलतानाच मी बोललो तर चालेल ना? मग दोघांना जमेल ते ठरतं. पण एका टोकाला हाताने बांधून ठेवलं की ते बोलणी करतच नाही. बसवणाऱ्या मुलाने जुन्या डब्यांची दुसरी टोकंही तशीच बांधली होती, म्हणून निभावत होतं. नवा डबा मात्र मोकळा. त्याने बोलायला तोंड उघडलं, समोरून उत्तर नाही. अशा वेळी त्याला एकच नियम माहीत: समोरचा बोलत नाही, म्हणजे जुनाट असणार, आळीपाळीनेच बोलायला हवं.

एक अरुंद पूल डोळ्यांसमोर आणा. या बाजूचा ड्रायव्हर समजतो की पूल दुपदरी आहे आणि बिनधास्त गाडी घालतो. त्या बाजूचा समजतो की एकपदरी आहे. समोरून गाडी दिसली की कचकन ब्रेक मारतो, मागे घेतो, पुन्हा निघतो. सकाळी चार गाड्या असतात तोवर कुणाला काही कळत नाही. बारा वाजता गर्दी झाली की पुलावर नुसते ब्रेक.

उपाय दोन मिनिटांचा. स्विचचं टोक सोडायचं आणि बोलणी होऊ द्यायची. मी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि सोपानदादांनी हात आडवा धरला.

"थांबा ताई. इलास न्हाई हितं."

"दादा, दोन वाजता हिची परीक्षा आहे."

"व्हय, ठाव हाय. पन उद्या त्यो म्हनंल, माज्या माघारी डबा फिरवला. मला त्ये ऐकायचं न्हाई."

पल्लवीचा चेहरा उतरला. संतोषने विलासरावांना फोन लावला. पलीकडून आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला: "मी आल्याबिगर हात लावायचा न्हाई. आन मी आज येत न्हाई. भात उभं हाय, आभाळ आलंय."

माणूस चूक बोलत नव्हता. मग मी ठरवलं, तिघे इथे जमत नसतील तर जिथे जमतील तिथे जायचं. एक लॅपटॉप स्विचला जोडून रफीकभाईंपाशी ठेवला. दुसरा घेऊन मी संतोषच्या गाडीत बसले. मोबाईलच्या नेटवरून या लॅपटॉपने तो चालवता येतो. सोपानदादा पुढच्या सीटवर. शेत नेऱ्याच्या वाटेवर, पाऊण तासाच्या आत परत यायचं असं मी पल्लवीला सांगितलं.

एक खबरदारी घेतली. दुरून काम करताना चुकून भलत्या पोर्टला हात लागला तर ज्या वाटेने आपण आत शिरलो तीच बंद होते. म्हणून स्विचला आधीच सांगून ठेवायचं: अमुक वेळात माझ्याकडून निरोप आला नाही तर स्वतः बंद होऊन चालू हो आणि मी काय बदललं ते विसर. असं न केल्यामुळे माझे काही सहकारी घाटमाथ्यावरच्या टॉवरपर्यंत चालत गेलेले मी पाहिलेत.

विलासराव गुडघाभर चिखलात होते. त्यांची बायको शोभावहिनी आणि चार बाया कापणी करत होत्या. आम्हाला बांधावरून येताना बघून ते म्हणाले, "आलं का समदं पंचमंडळ? विळं कमी पडतील, ताई."

सोपानदादा माझ्याकडे वळले. "ताई, त्याला सांगा, धाकट्याच्या बायकोची नोकरी जायची येळ आली."

विलासराव दोन हातांच्या अंतरावर उभे होते. तेही माझ्याकडे बघून म्हणाले, "दादांना सांगा, नोकरी राहू दे की. मी कुटं आडवा आलो? पन त्याचा येग किती व्हनार त्ये इचारा."

मी दोघांच्या मधे, एका हातात लॅपटॉप, एका पायात चप्पल. दुसरी चिखलात राहिली होती.

"लाइन तीनशेचीच, पण टोक सोडलं की त्याची वायर हजारापर्यंत जाईल," मी म्हणाले.

"आन मला?"

"तुमचा डबा जुना आहे. शंभरच."

"बगा! म्हनूनच मी येत न्हवतो. त्याला हजार, मला शंभर. आसली कसली वाटणी?"

मग मी त्यांना बांधावरच सगळं सांगितलं, पुलासकट. शेवटी म्हणाले, "टोकाला बांधून ठेवलं की ते बोलतच नाही, विलासराव. आणि हे बोलत नाही म्हटल्यावर समोरचं वाईटातलं वाईट धरून चालतं. दोघांचाही दोष नाही, आणि काम मात्र तुंबतं."

संतोष खोकला. मग भातातून शोभावहिनींचा आवाज आला, "ताई, ह्ये तुमी नेटचंच सांगताय ना?"

बाया फिस्सकन हसल्या. सोपानदादांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आता वाटणीचं ऐका," मी पुढे म्हणाले. "शेतात पाण्याची चारी रुंद असली म्हणून पाणी जास्त घेतलंच पाहिजे असं नाही. तोंडाशी दार बसवता येतं. तिन्ही पोर्टांना मी सारखं दार बसवते. शंभराच्या वर कुणालाच जाणार नाही. पण चारी मोकळी असेल, आतल्या आत तुंबणार नाही."

"मंग सरळ आसं सांगायचं ना, तोंडाला माप लावतो म्हनून," विलासराव म्हणाले. "वायरी सारख्या कापायला कुनी सांगितल्या व्हत्या, इचारा त्यांना."

"त्याला सांगा, त्यानंच सांगितल्या व्हत्या," सोपानदादा म्हणाले.

मी ऐकलं नाही असं दाखवून फोन लावला. "रफीकभाई, तीन नंबर बघा."

"बघतोय, मॅडम. दिवा पिवळा हाय."

तीन नंबर सोडला. दोन्ही दिशांना शंभराचं दार बसवलं.

"गेला दिवा," रफीकभाई म्हणाले. मला तो क्षण नेहमीच लांबलचक वाटतो. "आला, आला! हिरवागार झाला!"

मोडक्या निरोपांची मोजणी शून्यावर आणली आणि पल्लवीला सांगितलं, फोनवर नको, कामाच्या मशीनवर मोठी फाइल चढव, उतरव, दोन्ही एकदम. विलासरावांनी माझ्या हातातून फोन घेतला. चिखल माझ्या फोनला लागला, पण तेवढं चालतं.

"पल्लवी, किती आलं गं?"

"अठ्ठ्याण्णव, भाऊ! तुटत नाहीये अजिबात!"

"शंभर न्हाई ना?"

"नाही. दोन कमी."

"मंग चालंल." त्यांनी फोन परत दिला. "लिवा ताई, मी हजर व्हतो."

मी लिहिलं. मोजणी शून्यावरच होती. बदल कायमचा केला, स्वतः बंद व्हायची आज्ञा मागे घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत सोपानदादांनी स्वतःच विचारलं, "माजंबी सोडता येईल का मोकळं?" तिन्ही पोर्टांचा होकार बांधावर तिघांसमोर झालाच होता. पोचल्या पोचल्या रफीकभाईंनी पहिल्या मजल्यावरचा डबा मोकळा केला, मी खालून पोर्ट एक सोडून त्यालाही शंभराचं दार बसवलं. सोपानदादांच्या बायकोने, मोठ्या वहिनींनी, चहा ठेवला.

दोन वाजता पल्लवीचं दार बंद झालं. आम्ही जिन्यात. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा एक मुलगा बादली आपटत खाली आला तर सोपानदादांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं; जणू बादलीच्या आवाजानेही लाइन तुटली असती. मी लॅपटॉपवर तीन नंबरची मोजणी लावून बसले होते. कॉल सुरू झाला, भार वाढला, दोन्ही बाजूंनी निरोप धो धो जायला-यायला लागले. मोजणी शून्य. हललीच नाही. या धंद्यात इतकं देखणं दृश्य दुसरं नाही आणि ते दाखवायला शेजारी फक्त रफीकभाई होते. ते म्हणाले, "मॅडम, काहीच होत न्हाई की." मी म्हणाले, "हो ना!"

दार उघडलं तेव्हा पल्लवी हसत होती आणि तिचे डोळेही भरले होते. "वरिष्ठांनी शेवटी काय विचारलं माहितीय? आज ऑफिसमधून लॉगिन केलंय का! मी म्हटलं, नाही सर, जांब्यातून."

घरून काम सुरू राहणार होतं. संतोष पेढे आणायला धावला. पल्लवी मोठ्या वहिनींपाशी गेली आणि म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही बाराला खालचं बटण बंद करता."

वहिनींनी कपबशा खाली ठेवल्या. "मला त्ये बटण कुटं हाय त्ये तरी म्हाईत हाय का गं? आन बाराला मी शिरेल बगते. तुज्याच नेटवर."

त्यावर दोघी इतक्या हसल्या की आवाज रस्त्यावर गेला असेल.

नोकरीत असताना मी याच्या शंभरपट मोठी कामं केली आहेत. चारशे पोर्ट एका रात्रीत बदलले आणि सकाळी कुणी "छान" सुद्धा म्हटलं नाही. जांब्यात एका पोर्टच्या चार ओळी बदलल्या आणि डबाभर पेढे घेऊन घरी आले.

आता राहिलेलं काम. पोर्ट एक झाला. पोर्ट तीन झाला. पोर्ट दोन अजून हाताने बांधलेलाच आहे, कारण त्याचं दुसरं टोक विलासरावांच्या घरात आहे आणि तेही बांधलेलं आहे. नुसतं खालचं टोक सोडलं तर पल्लवीला जे भोगावं लागलं ते दुसऱ्या मजल्याला लागेल. दोन्ही टोकं एकदमच सोडायला हवीत, तीही त्यांच्या घरात बसून.

भात घरात आल्यावर मी फोन केला. विलासराव म्हणाले, "या की. पन नियम नियम हाय. तिघं समोर पायजेत. दादांना घिऊन या." सोपानदादांना फोन केला तर म्हणाले, "त्यालाच सांगा, डबा घिऊन खाली ये." वाटणी झाल्यापासून सोपानदादा दुसऱ्या मजल्यावर गेलेले नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्यावर जाताना त्याच दारावरून जातात, पण थांबत नाहीत.

दिवाळीत पुन्हा फोन केला. शोभावहिनी म्हणाल्या, "ताई, मी फराळाचं ताट वाढून ठिवते. तुमी फकस्त दादांना येक जिना वर चढवा."

पोर्ट दोन: बाकी. लागेल ते: एक लॅपटॉप, विलासरावांच्या डब्याचा पासवर्ड आणि दुसऱ्या मजल्यावर सोपानदादा.